चरबीपूरक बदलूनही मांसाची तीच तक्रार: वजनवाढीच्या मेंढ्यांमध्ये दोष कोठे शोधावा

शेडमध्ये ठेवून वजनवाढीसाठी पोसलेल्या कोकरांच्या खुराकात तेल, तेलबिया किंवा बायपास फॅट (कोठीपोटात न विघटता पुढे जावी म्हणून प्रक्रिया केलेली चरबी) घालायला सुरुवात केली की काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात. कोकरे गव्हाणीत खुराक शिल्लक ठेवतात, लेंड्या सैल पडतात, कत्तलीनंतर पाठीवरची चरबी घट्ट न होता बोटाला तेलकट लागते, आणि कापलेले मांस शीतकपाटात दुसऱ्याच दिवशी तपकिरी दिसू लागते. मग पूरक बदलले जाते. तेलाऐवजी बायपास फॅट येते, एका कंपनीऐवजी दुसरीचे पोते येते, आणि तीन महिन्यांनी पुढच्या तुकडीत तीच तक्रार नव्याने ऐकू येते. पूरक बदलूनही जो दोष जात नाही तो बहुधा पूरकात नसतो, तर उरलेल्या खुराकात, तो देण्याच्या पद्धतीत किंवा कत्तलीनंतरच्या हाताळणीत असतो, असे माझे मत आहे.

शोधाची सुरुवात तक्रार केव्हा दिसली या प्रश्नापासून करावी. पूरक सुरू केल्यावर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत खाणे घटले किंवा लेंड्या बिघडल्या, तर प्रश्न कोठीपोटातील, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटातील, जिवाणूंचा असतो. धड थंड झाल्यावर चरबी मऊ किंवा पिवळी दिसली, तर मागच्या सहा-आठ आठवड्यांचा संपूर्ण खुराक तपासावा लागतो. मांस ताजे असताना लाल होते, पण नंतर लवकर काळवंडले किंवा खवट झाले, तर संशयाची सुई जीवनसत्त्व ई कडे वळते. मांस पहिल्या दिवसापासूनच गडद, चिकट किंवा चिवट असेल, तर चरबीपूरकाचा त्याच्याशी जवळजवळ काहीच संबंध नसतो. या चार तक्रारी एकाच नोंदीत "मांस खराब" म्हणून लिहिल्या की पुढचा शोध भरकटतो.

खाणे घटणे आणि सैल लेंड्या

मेंढीच्या कोठीपोटातील तंतूपचन करणारे जिवाणू आणि आदिजीव यांना मोकळे असंपृक्त तेल मानवत नाही. अशा तेलातील असंपृक्त मेदाम्ले (चरबीचे मूळ घटक) त्यांच्या पेशीपटलाला इजा करतात, शिवाय चाऱ्याच्या तंतूंवर तेलाचा थर बसल्याने जिवाणूंना त्याला चिकटता येत नाही. तंतूंचे पचन मंदावले की चारा कोठीपोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट भरल्याची भावना टिकते, आणि कोकरू गव्हाणीपासून दूर होते. म्हणून आहारातील एकूण स्निग्धांश शुष्क भागाच्या (पाणी वगळून उरणाऱ्या खाद्याच्या) 6 ते 7 टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

येथे "एकूण" हा शब्द महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विसरला जातो. पूरकाची मात्रा मोजली जाते, पण खुराकात आधीपासून असलेली चरबी कोणी मोजत नाही. समजा 30 किलोचे कोकरू दिवसाला 1.2 किलो शुष्क भाग खाते आणि त्यात 30 टक्के वाळलेले गवत, 45 टक्के मका, 15 टक्के अख्खी सरकी व 10 टक्के द्रावकाने तेल काढलेली पेंड आहे. गवतात सुमारे दीड टक्का, मक्यात चार टक्के, सरकीत एकोणीस-वीस टक्के आणि अशा पेंडीत दीड टक्का स्निग्धांश धरला, तर पूरक घालण्याआधीच हा खुराक सव्वापाच टक्क्यांवर असतो, म्हणजे कोकराच्या पोटात रोज 63 ग्रॅमच्या आसपास चरबी जाते. त्यावर 50 ग्रॅम तेल ओतले की आकडा 9 टक्क्यांवर पोहोचतो. याच खुराकातून सरकी काढून मका 50 टक्के आणि पेंड 20 टक्के केली, तर मूळ स्निग्धांश पावणेतीन टक्क्यांवर येतो आणि 40 ग्रॅम तेल घालूनही एकूण आकडा 6 टक्क्यांच्या आतच राहतो. तेल दोन्हीकडे तेच असले तरी पहिल्या शेडमधील मालक तेलाला दोष देतो आणि दुसऱ्या शेडमधील त्याची स्तुती करतो.

हिशेबात आणखी तीन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे पेंडींचा भेद. घाण्यावर किंवा एक्स्पेलरवर काढलेल्या पेंडीत सहा ते आठ टक्के तेल उरते आणि द्रावकाने काढलेल्या पेंडीत एक-दोन टक्केच, तरी दोन्हींच्या पोत्यांवर "पेंड" एवढेच नाव असते. दुसरी म्हणजे भाताचा कोंडा. तेल न काढलेल्या कोंड्यात बारा ते अठरा टक्के स्निग्धांश असतो, आणि दळल्यानंतर त्यातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन लगेच सुरू करते, त्यामुळे उष्णता देऊन स्थिर न केलेला कोंडा थोड्याच दिवसांत खवट होतो. तिसरी चूक मिसळण्यात होते. थंडीत घट्ट झालेले तेल भरड्यात गोळे करून बसते, धीट कोकरे ते गोळे आधी उचलतात आणि मागे राहिलेल्यांना कोरडा भरडा मिळतो. शेडमधील दहापैकी दोन-तीनच कोकरांच्या लेंड्या सैल असतील, तर मात्रेपेक्षा मिसळण्याचा आणि गव्हाणीच्या लांबीचा विचार आधी करावा.

चढती मात्रा हाही साधा उपाय आहे, पण घाईत तो वगळला जातो. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या मात्रेचा एक तृतीयांश, दुसऱ्यात दोन तृतीयांश आणि तिसऱ्यात पूर्ण, अशी चाल ठेवली तर बहुतेक कोकरे कुरकुर करत नाहीत. मेदाम्ले कोठीपोटात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधली जात असल्याने तेल देताना खनिज मिश्रणातील कॅल्शियम कमी पडणार नाही हे पाहावे. नर कोकरांत मूतखडा टाळण्यासाठी कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण दोनास एक ठेवावेच लागते, त्यामुळे ही दुरुस्ती दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते.

पूरक कोणते, याचा किती फरक पडतो

तेल, अख्ख्या तेलबिया, मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार आणि हायड्रोजनीकृत घन चरबी असे चार प्रकार बाजारात भेटतात. अख्ख्या बीचे कवच तेल हळूहळू सोडते, म्हणून तेवढेच तेल मोकळे देण्यापेक्षा बी सौम्य ठरते. बी दळली की तो फायदा बराचसा संपतो, आणि दळलेले जवस तर हवेत लवकर खवटही होते. (जव आणि जवस या नावांचा घोळ येथे टाळावा. जव म्हणजे बार्ली, तिच्यात स्निग्धांश जेमतेम दोन टक्के असतो, तर जवसात पस्तीस ते चाळीस टक्के तेल असते. चिठ्ठीवर एक अक्षर गळले तर खुराक पार बदलतो.)

बायपास फॅट म्हणून विकले जाणारे कॅल्शियम क्षार कोठीपोटाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) सहाच्या वर असताना बऱ्यापैकी टिकतात. भरपूर भरडा खाणाऱ्या कोकरात सामू त्याखाली घसरतो, तेव्हा हे क्षार विघटित होऊन मेदाम्ले मोकळी होतात, आणि असंपृक्त मेदाम्लांचे क्षार तर आधी सुटतात. म्हणजे ज्या कोकराला सर्वाधिक धान्य मिळते, नेमके त्याच्याच पोटात "बायपास" हे विशेषण निरर्थक ठरण्याची शक्यता जास्त. याशिवाय या क्षारांना साबणासारखी चव असते, त्यामुळे पचनाचा काहीही दोष नसतानाही पहिले काही दिवस खाणे घटू शकते. हायड्रोजनीकृत घन चरबी कोठीपोटात निष्क्रिय राहते हे खरे, परंतु ती अतिसंपृक्त असेल तर आतड्यातही कमी पचते आणि लेंड्यांतून बाहेर पडते. मासळीच्या तेलाने खाणे सर्वांत लवकर घटते आणि मांसाला वास लागण्याचा धोका असतो, म्हणून ते कत्तलीच्या कोकरांना न दिलेले बरे.

मऊ चरबी: जिथे निदान सर्वाधिक चुकते

मेंढीची चरबी घट्ट का असते हे आधी पाहू. चाऱ्यातील लिनोलिक आणि लिनोलेनिक ही असंपृक्त मेदाम्ले कोठीपोटातील जिवाणू टप्प्याटप्प्याने हायड्रोजन जोडून संपृक्त करतात. लिनोलिक आम्लाचे आधी संयुग्मी रूप होते, मग व्हॅक्सेनिक आम्ल आणि शेवटी स्टिअरिक आम्ल. लिनोलिक आम्ल उणे 5 अंश सेल्सिअसला वितळते, तर स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंशांना. तेल खाऊनही मेंढीच्या अंगावर घट्ट चरबी चढते ती या जिवाणूंमुळे. म्हणून साध्या मात्रेत दिलेल्या मोकळ्या तेलाने चरबी पार मऊ होणे हे दिसते तितके सोपे नाही.

तेल कोठीपोटातून खरोखर सुरक्षित पार केले, तर मात्र चरबी मऊ होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत वनस्पती तेलाच्या थेंबांवर प्रथिनाचे आवरण चढवून ते फॉर्मल्डिहाइडने पक्के करण्याची पद्धत विकसित झाली. असे पूरक खाणाऱ्या जनावरांच्या चरबीतील लिनोलिक आम्लाचे प्रमाण अनेक पटींनी वाढले, आणि त्याबरोबर चरबी मऊ होणे व लवकर ऑक्सिडीकृत होणे हे दोषही आले. तेव्हा पूरक खरोखर संरक्षित आणि असंपृक्त तेलाचे असेल, तर मऊ चरबीचा दोष त्याला देता येतो.

बहुतेक शेडमधील मऊ चरबीचे कारण मात्र वेगळे असते, आणि ते चरबीपूरकात नसून भरड्यात असते. बारीक दळलेले किंवा चपटे केलेले धान्य कोठीपोटात वेगाने आंबते आणि प्रोपिओनिक आम्ल मोठ्या प्रमाणात तयार होते. यकृताला ते सगळे वापरता येत नाही. उरलेला भाग चरबी बनवणाऱ्या ऊतींत जातो, आणि तेथे नेहमीच्या सरळ साखळीच्या मेदाम्लांऐवजी फांद्या फुटलेली तसेच विषम कार्बनसंख्येची मेदाम्ले बनतात. ही मेदाम्ले संपृक्त असली तरी कमी तापमानाला वितळतात, त्यामुळे पाठीवरची चरबी तेलकट लागते. स्कॉटलंडमधील रोवेट संस्थेत 1970 च्या दशकात हा प्रश्न तपशिलात अभ्यासला गेला. 1974 मध्ये ऑर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तीच बार्ली प्रक्रिया न करता अख्खी दिली, तर कोकरे जास्त रवंथ करतात, कोठीपोटातील आंबवण बदलते आणि पाठीवरची चरबी अधिक घट्ट होते. खर्च वाढवणारे पूरक बदलण्याऐवजी दळण्याचा खर्च वाचवून दोष घालवणारा इतका स्वस्त उपाय पशुपोषणात क्वचितच सापडतो, आणि तरीही भरडा जितका बारीक तितका चांगला ही समजूत हटत नाही.

याच मार्गावर कोबाल्टचाही संबंध येतो. प्रोपिओनिक आम्लाचा निकाल लावणाऱ्या विकरांपैकी एकाला जीवनसत्त्व बी-12 लागते, आणि कोठीपोटातील जिवाणू ते कोबाल्टपासून तयार करतात. खुराकाच्या शुष्क भागात दर किलोला 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम कोबाल्ट असावे. धान्य भरपूर आणि खनिज मिश्रण निकृष्ट अशी जोडी असेल, तर चरबी मऊ होण्याला दुहेरी निमित्त मिळते. नर मेंढ्यांत, विशेषतः खच्ची न केलेल्या आणि वेगाने वाढणाऱ्यांत, हा दोष माद्यांपेक्षा जास्त दिसतो, म्हणून वेगवेगळ्या तुकड्यांची तुलना करताना लिंगाचा मेळ घालावा.

दोन कारणांतील फरक ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाठीवरच्या चरबीचा मेदाम्ल अहवाल. लिनोलिक आम्ल वाढलेले असेल तर तेल कोठीपोटातून पार होत आहे, आणि फांद्यांची व विषम साखळीची मेदाम्ले वाढलेली असतील तर भरडा दोषी आहे. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर एका तुकडीचे दोन भाग करावेत. एका भागाला पूरक चालू ठेवून धान्य अख्खे द्यावे, दुसऱ्याला भरडा तसाच ठेवून पूरक बंद करावे, आणि किमान सहा ते आठ आठवडे थांबावे, कारण अंगावर चढलेली चरबी आठवड्यात बदलत नाही. धड 4 अंशांना चोवीस तास थंड झाल्यावर कमरेवरच्या चरबीवर अंगठा दाबून दोन्ही भागांची तुलना करावी. गुर्द्याभोवतीची चरबी मुळातच घट्ट असते, त्यामुळे ती पाहून निष्कर्ष काढू नये. लहान आणि कठीण दाण्याचे धान्य अख्खे दिले असेल, तर लेंड्यांत न पचलेले दाणे किती येतात यावरही लक्ष ठेवावे.

मांस लवकर काळवंडणे आणि खवट होणे

मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या स्नायूंतील प्रथिनामुळे असतो आणि त्याचे ऑक्सिडीकरण झाले की तो तपकिरी होतो. असंपृक्त मेदाम्ले ऑक्सिडीकृत होताना या प्रक्रियेला गती देतात, आणि जीवनसत्त्व ई ती थोपवते. हिरव्या कुरणावर चरणाऱ्या मेंढीला हे जीवनसत्त्व आपोआप भरपूर मिळते, पण उन्हात वाळलेले गवत आणि साठवलेले धान्य यांत ते फारसे उरत नाही. शेडमध्ये आणलेले कोकरू म्हणजे एकीकडे तेल वाढलेले आणि दुसरीकडे संरक्षण घटलेले जनावर. चरबीपूरकावरचा हा एकच आरोप मला बऱ्याच अंशी रास्त वाटतो, कारण तेल वाढवताना जीवनसत्त्व ई वाढवले नाही तर दोष दिसणारच.

कमतरतेचे आजार टाळायला लागणारी मात्रा आणि मांसाचा रंग टिकवायला लागणारी मात्रा यांत मोठे अंतर आहे. पहिलीला दर किलो शुष्क भागामागे पंधरा-वीस मिलिग्रॅम पुरतात. दुसरीसाठी 150 ते 300 मिलिग्रॅम, तेही कत्तलीआधीचे किमान चार ते सहा आठवडे सतत, असा हिशेब धरावा लागतो. दर किलो मांसात साधारण 3.5 ते 4 मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल (जीवनसत्त्व ई चे मुख्य रूप) साठले की रंग टिकण्यातील फरक डोळ्यांना दिसतो. शेवटच्या आठवड्यात भरमसाट मात्रा देऊन ही कसर भरून निघत नाही. सेलेनियम या कामात जोडीदार आहे, परंतु त्याची गरज दर किलोला 0.1 ते 0.3 मिलिग्रॅम एवढीच असते आणि विषारी पातळी फार दूर नसते, त्यामुळे ते अंदाजाने घालू नये. कोकरे लंगडत असतील, उठताना थरथरत असतील किंवा धडातील मांसपेशींवर पांढरट पट्टे दिसत असतील, तर तो श्वेतस्नायू रोग असू शकतो आणि पशुवैद्यकाला लगेच बोलवावे.

खुराकात घालण्याआधीच तेल खवट झालेले असेल तर जीवनसत्त्व ई पोटात पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडते. तेलाचे पिंप उन्हात ठेवणे, तांब्याच्या किंवा गंजलेल्या लोखंडी भांड्यात तेल साठवणे, आणि तेल मिसळलेला खुराक महिन्याभराचा एकदम करून ठेवणे या तीन सवयी सर्वत्र दिसतात, आणि तिन्ही मोडायला पैसे लागत नाहीत.

पिवळी चरबी, वास आणि चिवटपणा

मेंढीची चरबी सहसा पांढरी असते. काही मेंढ्यांत पिवळ्या रंगद्रव्याचे विघटन करणारे जनुक आनुवंशिक दोषामुळे निकामी असते आणि हिरव्या चाऱ्यातील रंगद्रव्य चरबीत साठते, त्याने आरोग्याला अपाय नाही. मात्र डोळ्यांचा पांढरा भाग आणि धडातील संयोजी ऊतीही पिवळ्या दिसल्या तर ती कावीळ आहे, आणि शेडमधील मेंढ्यांत तिचे एक मोठे कारण तांब्याची विषबाधा असते. गायींसाठी बनवलेले खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीही देऊ नये. युरोपीय संघाच्या नियमांत मेंढ्यांच्या संपूर्ण खाद्यासाठी तांब्याची कमाल मर्यादा दर किलोला 15 मिलिग्रॅम एवढीच आहे, यावरून हे जनावर तांब्याबाबत किती नाजूक आहे ते कळावे. लघवी लालसर तपकिरी असेल तर चरबीपूरकाची चर्चा थांबवून उपचाराकडे वळावे.

मटणाच्या उग्र वासाची तक्रारही पूरकाच्या माथी मारली जाते. त्या वासाला मुख्यतः 4-मिथाइलऑक्टॅनोइक आणि 4-मिथाइलनोनॅनोइक ही फांद्यांची मेदाम्ले जबाबदार असतात. ती वयानुसार, खच्ची न केलेल्या नरांत आणि धान्यबहुल खुराकावर वाढतात. म्हणजे येथेही बोट पुन्हा भरड्याकडे आणि कत्तलीच्या वयाकडे जाते.

गडद, चिकट मांस हे कत्तलीपूर्वीच्या ताणाचे फळ असते. लांबचा प्रवास, उपास, अनोळखी कळपात मिसळणे किंवा आदल्या दिवशी लोकर कातरणे यांमुळे स्नायूंतील ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपते, आणि मांसाचा सामू 5.5 ते 5.8 पर्यंत उतरण्याऐवजी 6 च्या वर अडकतो. चिवटपणाचे एक नेहमीचे कारण म्हणजे अतिवेगाने थंड करणे. चरबीचा थर पातळ असलेले लहान धड सामू 6 खाली येण्याआधीच 10 अंशांखाली गेले तर स्नायू आकसून घट्ट होतात. हा दोष खुराकाने दुरुस्त होत नाही, शीतगृहातील तापमानाची चाल बदलावी लागते.

चरबी चढते, पण नको तेथे

शेवटची तक्रार अपेक्षाभंगाची आहे. पूरक दिल्याने मांसपेशींच्या आत चरबी झिरपेल आणि मांस रसदार होईल, असे मानले जाते. मेंढीत चरबी साठण्याचा क्रम मात्र साधारणतः आधी गुर्दे व आतड्यांभोवती, मग स्नायूंच्या मध्ये आणि त्वचेखाली, आणि सर्वांत शेवटी स्नायूंच्या आत असा असतो. जाड शेपटीच्या जातींत शेपटी आपला वाटा आधीच उचलते. त्यामुळे जास्तीच्या ऊर्जेचा मोठा भाग ग्राहक ज्याला फेकून देतो अशा चरबीत जातो. चरबीतून कर्बोदकांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा मिळते, म्हणून पूरक घालताना तितकी ऊर्जा देणारे धान्य कमी केले नाही, तर गुर्द्याभोवतीची चरबी वाढणे हा अपेक्षित परिणामच म्हणावा लागेल. पूरकाचा खरा उपयोग मला दोन ठिकाणी दिसतो: धान्याचा काही भाग हटवून कोठीपोटावरचा आम्लाचा भार कमी करण्यात, आणि कडक उन्हाळ्यात, कारण चरबीच्या पचनातून शरीरात तुलनेने कमी उष्णता निर्माण होते.

पुढच्या तुकडीत शोध घेताना एका वेळी एकच बदल करावा, आणि दर तुकडीत पाच-सहा कोकरे पूरकाविना, बाकी सर्व खुराक तसाच ठेवून, वेगळी खूण करून पोसावीत. त्यांच्याही पाठीची चरबी तितकीच मऊ निघाली, तर पूरकाचे पोते परत न पाठवता भरड्याच्या चक्कीची जाळी पाहावी.